हात गुंतलेले, कान मोकळे

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही यंत्रमागाच्या कारखान्यासमोर उभं राहा. दार उघडायच्या आधीच खडखडाट अंगावर येतो. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला लाकडावर लाकूड आपटतं. असे दहा-वीस माग एका पत्र्याच्या छपराखाली चालू असले, की आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. आत शेजारीशेजारी उभी असलेली दोन माणसं बोलतात ती हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींनी. चहा आला हे भुवई उंचावून सांगायचं, धागा तुटला हे बोट दाखवून.

अशा जागी मी पहिल्यांदा एका मागवाल्याच्या शर्टाच्या खिशातून वर आलेली इअरफोनची वायर पाहिली, तेव्हा थांबून विचारलं, यात ऐकू तरी काय येतं? त्यानं एक गोळा काढून माझ्या कानात घातला. एक तेलुगू सिनेगीत चाललं होतं. त्यानंतर मराठी भक्तिगीत लागलं. खिशात आगपेटीएवढा एमपीथ्री प्लेअर होता. फोन त्यानं बाहेर पिशवीत ठेवला होता; कापसाच्या धुळीत आणि तेलकट हातांत महागाचा फोन कोण वापरेल?

या छोट्या यंत्राबद्दल लिहिताना बहुतेक जण कॅलिफोर्नियातल्या अॅपल कंपनीपासून सुरुवात करतात. मला सोलापुरातून सुरुवात करावीशी वाटते, कारण हे यंत्र ज्याला सर्वांत जास्त उपयोगी पडतं तो माणूस इथे गल्लोगल्ली आहे: ज्याचे हात गुंतलेले आहेत, डोळे गुंतलेले आहेत, पण कान मोकळे आहेत.

१८७७ साली इथे कापडगिरणी उभी राहिली, तिला सोलापूरकर अजूनही 'जुनी मिल' म्हणतात. तेव्हापासून या गावाचं पोट हातांच्या एकाच हालचालीवर चालत आलं आहे. चादर, टॉवेल, कांड्या भरणं, टॉवेलच्या कडा शिवणं आणि विडी. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस पाहिला आहे का? मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, टोक मुडपणं, दोरा. मजुरी हजाराच्या हिशेबानं मिळते. म्हणजे हीच हालचाल हजार वेळा, आणि डोळे वर काढले की आकडा मागे पडतो. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या घरांच्या उंबऱ्यांवर चार-चार बायका अशा बसलेल्या दिसतात. त्यांच्या मधोमध पूर्वी रेडिओ असायचा; नंतर मेमरी कार्डाचा छोटा स्पीकर आला.

कामाबरोबर गाणं ही काही यंत्रानं दिलेली सवय नव्हे. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या तेव्हा ओवी त्यांच्याच गळ्यातून यायची. गी पोइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना लक्षात येतं, की जात्याची घरघर ओवीला ताल देत होती. जातं गाणं झाकत नव्हतं, सांभाळत होतं. यंत्रमाग तसा नाही. त्याच्या खडखडाटात माणूस गाऊच शकत नाही. गायला तरी स्वतःला ऐकू येत नाही. कारखान्यानं कामगाराच्या तोंडचं गाणं काढून घेतलं हे मला फार मोठं नुकसान वाटतं, आणि मजुरीच्या कुठल्याही करारात त्याची नोंद नाही. खिशातल्या प्लेअरनं ऐकणं तेवढं परत दिलं. गाणं परत दिलं नाही.

जगात इतरत्रही हात गुंतलेल्यांनी कानांची सोय केली आहे. १८६५ साली क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत एक प्रथा सुरू झाली. कामगार सिगार वळत बसायचे आणि उंच जागी बसलेला एक माणूस त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्या वाचकाचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. काय ऐकायचं हेही तेच ठरवायचे. तंबाखू वळणाऱ्या हातांची ही दूरची भावंडं. सोलापुरातली विडी मात्र घरोघरी वळली जाते, त्यामुळे एक वाचक सगळ्यांना पुरणं शक्य नव्हतं. इथे हवा होता तो ज्याच्या-त्याच्या घरचा, ज्याच्या-त्याच्या भाषेतला आवाज.

आता हा आवाज आगपेटीत मावतो कसा, ते पाहू. त्यासाठी पुन्हा मागाकडेच जावं लागेल.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते. मागाच्या वर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते आणि प्रत्येक पट्टीवर भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि त्या सुईला जोडलेला उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एक पट्टी म्हणजे कापडाची एक आडवी ओळ. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. नक्षीतलं फूल पट्टीवर कुठेच दिसत नाही. पट्टीवर असतं फक्त 'भोक आहे' किंवा 'भोक नाही'. हे दोनच शब्द पुरेसे असतात, फक्त ते पुष्कळ वेळा आणि बरोबर क्रमानं म्हणावे लागतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हीच पट्ट्यांची कल्पना उचलली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी भोकं पाडलेल्या कार्डांवर माणसं मोजली. संगणकाच्या घराण्याचा एक धागा असा थेट मागापर्यंत जातो. तेव्हा डिजिटल म्हणजे काय, हे सोलापूरच्या चादरवाल्याला परक्यानं शिकवायची गरज नाही. ते त्याच्या डोक्यावर रोज फिरत असतं.

मेमरी कार्डात भोकांच्या जागी विजेचे अतिसूक्ष्म कप्पे असतात. कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवले, तर एक अर्थ; नसतील, तर दुसरा. वीज बंद झाली तरी ते अडकलेलेच राहतात, म्हणून गाणी पुसली जात नाहीत. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही फ्लॅश मेमरी शोधली. पुठ्ठ्याच्या पट्टीत आणि हिच्यात एक फरक मात्र आहे. पुठ्ठ्याचं भोक आपोआप बुजत नाही. कप्प्यातले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं पडून राहिले तर हळूहळू निसटतात. हे पुढे कामाला येईल.

गाणं आकड्यांत उतरवायचं तर आवाजाची उंची फार वेगानं मोजत राहावी लागते. सीडीच्या पद्धतीत सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगळी, आणि प्रत्येक मोजणी १६ 'भोकां'त लिहिली जाते. गुणाकार केला तर एका सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० भोकं होतात. चार मिनिटांचं गाणं ४२ मेगाबाइटचं होतं. ते चार मेगाबाइटच्या आत आणलं ते एमपीथ्रीनं.

कसं? पुन्हा कारखान्यात या. शेजारचा माणूस बोलत असतो, त्याचा आवाज तुमच्या कानापर्यंत पोचतही असतो, पण मागाचा खडखडाट त्याला झाकून टाकतो. मोठा आवाज जवळपासच्या पट्टीतला लहान आवाज गिळतो. हे मागावर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाण्यातही क्षणोक्षणी हेच घडत असतं. तबल्याच्या खणखणीत थापेखाली तंबोऱ्याची एखादी बारीक छटा त्या क्षणापुरती ऐकूच येत नाही. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? जर्मनीत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी नेमकं हेच केलं: कानाला न कळणारा भाग हेरून त्यावर जागा खर्च करायची नाही. पारखायला त्यांनी सुझान वेगा हिचं 'टॉम्स डायनर' हे गाणं घेतलं होतं. त्यात एकही वाद्य नाही, नुसता गळा. वाद्यांच्या आड लपायला जागाच नसल्यामुळे कुठेही काटछाट चुकली की लगेच कानाला खुपायची. हे गाणं नीट वाजेपर्यंत ते दुरुस्त्या करत राहिले. १४ जुलै १९९५ ला त्या फाइलींचं आडनाव '.एमपीथ्री' असं ठरलं.

१९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीनं 'एमपीमॅन' बाजारात आणला. त्यात ३२ मेगाबाइट जागा होती, म्हणजे साधारण अर्ध्या तासाची गाणी. सोनीच्या वॉकमनमध्ये १९७९ पासून अख्खी कॅसेट वाजत असताना आठ गाण्यांचं हे यंत्र कुणाला मोठं वाटलं नसेल. पण त्यात फिरणारा भागच नव्हता. फीत गुंतणं नाही, पेन्सिलीनं गुंडाळणं नाही, उन्हात ताणली जाणं नाही. त्याच वर्षी आलेल्या 'रिओ' प्लेअरवर अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेनं खटला भरला. १९९९ मध्ये वरच्या न्यायालयानं प्लेअरच्या बाजूनं निकाल दिला. माणसाकडे असलेलं संगीत त्यानं स्वतःसाठी एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं रास्त आहे, असं न्यायालयानं मानलं. २३ ऑक्टोबर २००१ ला अॅपलचा आयपॉड आला, खिशात हजार गाणी घेऊन. १० मे २०२२ ला कंपनीनं त्याचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं.

माझा पहिला प्लेअर मी सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्यावर घेतला. २५६ मेगाबाइटचा, एका पेन्सिल सेलवर चालणारा, कंपनीचं नाव नसलेला. साठेक गाणी मावायची. साठच मावतात म्हटल्यावर निवडावं लागतं, आणि त्या निवडण्यानं मला माझा कान कळला. अमुक गाणं राहू दे, अमुक काढ, असं महिनाभर केल्यावर जे उरलं ते खरोखर माझं होतं. आज फोनवर कोट्यवधी गाणी हात जोडून उभी असतात, आणि तेव्हाएवढं मी ऐकत नाही.

मग कार्डांचा काळ आला. चौकाचौकात मोबाइलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. कांडी भरणं हा शब्द सोलापूरला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. आता कार्ड भरणं आलं. दुकानदार विचारायचा, काय भरू? उत्तर एका भाषेत क्वचितच यायचं. या गावात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू आणि दखनी एका भिंतीला टेकून नांदतात. पद्मशाली घरातल्या मुलाच्या कार्डात तेलुगू सिनेमा, शेजारच्या लिंगायत मित्राकडून आलेली कानडी वचनं, मंगळवेढ्याशी नातं असलेल्या गायकांच्या शिंदे घराण्याची विठ्ठलगीतं आणि एखादी कव्वाली, असं सगळं एका फोल्डरमध्ये निघायचं. सोलापूर शहराचं एवढं खरं चित्र मी कुठल्याही गॅझेटियरमध्ये पाहिलेलं नाही. ती कार्डं कुणी जपून ठेवली असती तर इतिहासकारांना केवढा ऐवज मिळाला असता.

हा धंदा कायद्यात बसत नव्हता हे स्पष्ट म्हणायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालेलं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं राहतो, आणि विनापरवाना प्रती विकणं हा गुन्हा आहे. कार्ड भरायच्या पाच-पन्नास रुपयांतला एक पैसाही गायकाला, कवीला, वादकाला पोचला नाही. विडीच्या हजारामागे कमी मजुरी लावली तर आपल्याला चीड येते. ढोलकीवाल्याच्या मजुरीबाबत आपण डोळे मिटून घेतले. पण विडी वळणाऱ्या बायकांना कायदेशीर गाणं विकत घ्यायचंच होतं, तर ते त्यांच्या भाषेत, त्यांना परवडेल अशा भावात, त्यांच्या चौकात कुणी ठेवलं होतं? कंपन्यांनी हे गिऱ्हाईक फार उशिरा ओळखलं. सारेगामा कंपनीनं २०१७ मध्ये 'कारवाँ' काढला: आधीच गाणी भरलेला, इंटरनेट न लागणारा, बटण फिरवलं की वाजणारा. त्याला मिळालेला प्रतिसाद पाहता वयस्क माणसांना हवं होतं ते हेच.

बदल किती झपाट्यानं झाला ते करमाळ्यावरून सांगता येईल. याच सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला. अजय-अतुलची ती गाणी त्या उन्हाळ्यात कार्डांवरून आणि ब्लूटूथवरून गावोगाव गेली. चार महिन्यांनी, ५ सप्टेंबरला, जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि 'गाणी भरून मिळतील'च्या पाट्या उतरू लागल्या. सैराटची गाणी ही हातातून हातात पोचलेली शेवटची मोठी मराठी गाणी, असं माझं मत आहे.

तरीही प्लेअर संपला नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं एका वाळवंटात उभी असतात, मोबाइलचं नेटवर्क गुदमरतं, आणि एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या गळ्यातल्या स्पीकरवर हरिपाठ न अडखळता चालू असतो. त्याला रिचार्ज संपायची भीती नाही. मधेच जाहिरात नाही. आणि त्यानं कोणता अभंग किती वेळा ऐकला हे कुठल्याही कंपनीच्या वहीत लिहिलं जात नाही. ॲपवरचं गाणं आपण भाड्यानं ऐकतो. भाडं थकलं किंवा कंपनीचा करार संपला, की ते जातं. कार्डातली फाइल आपली असते. घरात एक प्लेअर असावाच, असं मी आग्रहानं सांगतो.

घेताना एक काळजी घ्या. मी एकदा फार स्वस्तात ६४ जीबीचं कार्ड घेतलं. वर छापलेला आकडा खोटा होता. आठ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक चाललं, पुढची गाणी यादीत दिसायची पण वाजायची नाहीत, आणि अखेरीस आधीची पण गेली. त्यात माझ्या मावशीच्या आवाजातलं एक गाणं होतं. दुसरी प्रत नव्हती. नवं कार्ड आणलं की ते आधी पूर्ण भरून, शेवटची फाइल वाजते का ते पाहावं. आणि इलेक्ट्रॉन निसटतात हे लक्षात ठेवून जपायच्या गोष्टी दोन ठिकाणी ठेवाव्यात, वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा उतरवून घ्याव्यात.

आता त्या मागवाल्याकडे परत जाऊ, कारण त्याची मला खरी काळजी वाटते. बाहेर ९० डेसिबल असताना गाणं ऐकू यायचं तर कानातला आवाज त्याच्या वर न्यावा लागतो. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही कामगारांच्या कानांसाठी सुरक्षित समजली जाणारी हद्द आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला अवघी पंधरा मिनिटं. मागवाल्याची पाळी मात्र आठ ते बारा तासांची असते. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दोष गाण्याचा नाही, आधी दोष त्या पत्र्याच्या छपराचा आहे. कान झाकायची साधनं देणं मालकाचं काम आहे आणि ती मागणं हा कामगाराचा हक्क आहे. चालू मागावर इअरफोन नकोच, कारण मागाचा बिघडलेला सूर आणि शेजाऱ्याची हाकही त्यात बुडते. शांत खोलीत, निम्म्या आवाजावर ऐकावं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे. विडीच्या उंबऱ्यावर मधोमध ठेवलेला छोटा स्पीकर या हिशेबात कितीतरी बरा, आणि त्यात चौघींना एकच गाणं ऐकता येतं.

शेवटी त्या यंत्रातल्या एका बटणाबद्दल, ज्याला बहुतेक जण कधीच हात लावत नाहीत. अनेक साध्या प्लेअरमध्ये एक बारीक भोक असतं, ते माइकचं. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की त्यात आवाज भरता येतो. जात्यावरची ओवी म्हटलेली, मिलचा भोंगा ऐकून उठलेली, पहिल्यांदा हजार विड्या वळल्याचा दिवस आठवणारी माणसं सोलापुरात अजून आहेत, आणि ती फार वर्षं असणार नाहीत. बोलण्याच्या एका तासाला साध्या प्रतीत २९ मेगाबाइट लागतात. आठ जीबीच्या कार्डात अडीचशेहून जास्त तास मावतात. दुपारी पंखा बंद करा. आजीसमोर चादरीची घडी ठेवा, घडीवर प्लेअर ठेवा, म्हणजे जमिनीचा आवाज येणार नाही. हातभर अंतर राहू द्या, बटण दाबा आणि तिला पहिली ओवी म्हणायला सांगा.